नागपंचमीला न धरलेला हात

संपादकबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी चौथी पास माणूस. जन्मभर बांगड्या भरल्या, दुसरं काही केलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काय असणार?" त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "मग माझं माप सांगा बघू." मी हात न लावताच सांगितलं, "डावा सव्वादोन. उजवा मात्र अडीचला टेकलाय, लिहून लिहून." बाई हसल्या आणि कोऱ्या कागदांचं एक बंडल ठेवून गेल्या. वय झालं तरी माणसाची फुशारकी जात नाही, आणि मग तिची अशी शिक्षा भोगावी लागते.

ठाण्याच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानात वडील आणि थोरले भाऊ बसायचे, फिरती माझ्याकडे. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी मी फिरती धरली. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, हातात पत्र्याची पेटी. कल्याणला एक दिवस, ठाकुर्ली-डोंबिवलीला दोन दिवस, आणि भाताची कापणी झाली की पार मानपाड्यापर्यंत पायी. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चार चाळी, दहा बंगले, पुष्कळ विहिरी आणि त्याहून पुष्कळ चिखल.

परक्या बाईचा हात धरायची मुभा असलेले पुरुष दोनच, डॉक्टर आणि कासार. डॉक्टर नाडीपुरता धरतो. आम्ही अख्खा हात पिळून काढतो, आणि वर ती बाई आम्हालाच वाकून नमस्कार करते. नवीन असताना मला याची इतकी लाज वाटायची की मी मान वर करत नसे. त्याचा फायदा असा झाला की मला चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात.

बांगडी भरणं बघायला सोपं आहे. बाईचा अंगठा तळहातात दाबायचा, चारी बोटांचे सांधे एकमेकांवर चढवून हात लहान करायचा आणि बांगडी गोल फिरवत वर न्यायची. खरी अडचण हाताची नसते, बाईची असते. बांगडी सांध्यांवर आली की बाई हात आखडते. आखडला की काच गेली. म्हणून कासाराचं निम्मं काम बोलण्याचं. "सैल सोडा वहिनी, माझ्यावर टाका हात," असं म्हणत तिला माहेरचं काहीतरी विचारायचं. ती सांगायला लागली की हात सुटतो आणि बांगडी मनगटावर गेलेली असते. कल्याणच्या एक शाळामास्तरीण डोळे घट्ट मिटून एकोणतीसचा पाढा म्हणायच्या. पाढा संपेपर्यंत डझनभर बांगड्या चढलेल्या असत. एकदा त्या मध्येच चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, मी आपला बांगडी धरून बसलो.

मानपाड्याकडच्या बायकांची गोष्ट निराळी. त्यांना बांगडी घट्टच हवी. भाताची लावणी करणारा तो हात, सांधे दगडासारखे, आणि माप मात्र सव्वादोनचंच मागायच्या. मी कुरकुर केली की एक म्हातारी म्हणायची, "कासारा, तू भर. हात माझा दुखतंय, तुझा काय जातंय?" काढायची वेळ आली की काच फोडण्यावाचून इलाज नसे. फोडणं असं अर्थात आम्ही म्हणत नाही, वाढवणं म्हणतो.

हाताला हात लागला की पुष्कळ कळतं. कोण भांडी घासते, कोण विड्या वळते, कोणाला दिवस गेलेत आणि अजून घरात सांगितलेलं नाही. दिवस गेलेल्या बाईचा हात थोडा फुगतो, नेहमीचं माप अडतं. वडिलांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कळलेलं बोलायचं नाही. ते मी पाळलं. तोंडाने कधी कोणाचं काही सांगितलं नाही. पण न बोलताही माणूस केवढं बोलून जातो, हे मला उशिरा समजलं, आणि तेच सांगायला मी बसलोय.

त्याआधी एक हात सांगतो. ठाकुर्लीच्या पुढे एका वाडीत एक बाई होती, तिशीची, फार बोलकी. तिला बांगड्या भरत असताना एक काच माझ्या हातात तडकली आणि तिचा तुकडा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसला. रक्त आलं. मी घाबरलो. ती आपली भावाच्या लग्नाची हकिगत सांगत होती, ती सांगतच राहिली. मी म्हटलं, "बाई, लागलं ना." तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, कधी?" मला तेव्हा हसू आलं होतं. पुढच्या खेपेला ती वाडीत नव्हती. महारोग निघाला म्हणून नवऱ्याने तिला कुठल्याशा वसाहतीत नेऊन सोडलं होतं. मी घरी येऊन फिनेलने हात धुतले, एकदा नव्हे, आठ दिवस धुतले. तिचा हात चांगला ऊबदार होता, आणि मी तो आठवून हात धूत होतो. त्या दिवसापासून कोणाच्या हातावर डाग दिसला की मी तो चोरून निरखायला लागलो.

आता डोंबिवलीच्या त्या चाळीत येतो. खाली-वर मिळून बारा बिऱ्हाडं, मध्ये फरसबंद अंगण, कोपऱ्यात विहीर. मी अंगणात बसायचो आणि बाया एकेक करून यायच्या. तळमजल्यावर आक्का राहायच्या. विधवा बाई, शिस्तीच्या, तोंडाने फटकळ. मुलगा दत्तू मुंबईला एका कचेरीत कारकून. सून शालू, बावीस-तेवीसची, आणि तिचा दीड वर्षांचा बाळू. आक्कांना स्वतःला बांगड्या भरायच्या नसत, पण सुनेला भरताना त्या उंबऱ्यात उभं राहून देखरेख करायच्या. "मामा, हिरव्याच भरा. त्या निळ्या नकोत, सोंगाड्यासारख्या दिसतात."

संक्रांतीला मी शालूचा हात धरला आणि चकित झालो. इतका सुटलेला हात मी कधी पाहिला नव्हता. तिने हाताचं सगळं वजन माझ्या तळहातावर टाकलं होतं. तिचं नेहमीचं माप अडीच, त्या दिवशी मी सव्वादोनच्या बांगड्या भरल्या आणि एकही वाढली नाही. मी अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बघा, हात कसा द्यावा ते शालूवहिनींकडून शिका." बाकीच्या बायका तोंडं मुरडायला लागल्या. शालू कसंनुसं हसली. मला माझ्या हातगुणाचाच अभिमान वाटला होता. तिच्या खांद्यात हात उचलून धरायचं बळच उरलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात कसं येणार? कासाराला सैल हात म्हणजे चांगलं गिऱ्हाईक. वैद्याने तोच हात धरला असता तर त्याच्या कपाळाला आठी पडली असती.

वटपौर्णिमेच्या सुमारास आक्का कुरकुरत होत्या की सून कामचुकार झाली आहे. विहिरीवर जाते आणि अर्धी कळशी घेऊन येते. वेणी घालायची तर हात वर करत नाही, शेजारच्या इंदूताईंकडून घालून घेते. पाटावरून उठताना भिंतीला धरते, म्हातारी सासू धरत नाही आणि ही धरते. "कोवळ्या वयात ही सोंगं," असं आक्का म्हणाल्या आणि मी मान डोलावली. गिऱ्हाइकाच्या सासूपुढे मान डोलावणं हाही आमच्या धंद्याचा एक भाग आहे.

मग आली नागपंचमी. आमचा सगळ्यात गर्दीचा दिवस. चाळीतल्या बाया अंगणात रांगेने बसल्या होत्या. शालूची पाळी आली. तिने उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्यासमोर ठेवला. मी धरायला गेलो आणि थांबलो. बोटांच्या प्रत्येक सांध्यावर लाल-जांभळा, खवले धरलेला चट्टा होता. सांध्यांच्या मधली कातडी स्वच्छ, सांध्यांवर मात्र न चुकता डाग. नखांच्या कडा लालभडक. मी चुकून मान वर केली. तिच्या पापण्या सुजून जांभळट झाल्या होत्या, गळ्याखालीही लाली.

मला ठाकुर्लीची बाई आठवली, फिनेलचा वास नाकात आला. मी हात मागे घेतला. पेटीतून अडीचच्याही वरच्या मापाच्या, पावणेतीनच्या बांगड्या काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. "वहिनी, आज गर्दी आहे. मोठं माप देतो, तुमच्या तुम्ही घाला."

मी एवढंच म्हटलं. रोगाचं नाव काढलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. शालूने कागद उचलला आणि ती आत गेली. अंगणातला गलका एकदम थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. मी पुढचा हात ओढला आणि कामाला लागलो. माझ्या मते मी फार शहाणपणाने वागलो होतो.

त्यानंतर मी आजारी पडलो, गौरी-गणपतीची फिरती भावाने केली. मी पुन्हा त्या चाळीत गेलो तो थेट दिवाळीच्या आठ दिवस आधी. अंगणात पेटी ठेवली आणि सवयीने आक्कांच्या दाराकडे पाहिलं. दारात बाळू उभा होता, आक्कांनी त्याला घट्ट धरलं होतं आणि तो मागच्या पडवीकडे हात करून रडत होता. मागच्या पडवीत घोंगडीवर शालू बसली होती. शेजारी एक वेगळी थाळी, वेगळा तांब्या. मुलगा तिला दिसत होता, आणि ती त्याला दिसत होती, मध्ये आठ-दहा पावलांचं अंतर.

मी इंदूताईंना हळूच विचारलं, "काय झालं हो?"

इंदूताई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही विचारताय, मामा? तुम्हीच नाही का नागपंचमीला तिचा हात धरला नाहीत. सगळ्या चाळीने बघितलं. कासार हात धरत नाही म्हणजे महारोगच, दुसरं काय? दुसऱ्या दिवसापासून तिला विहिरीवर येऊ दिलं नाही कोणी. आक्कांनी मूल काढून घेतलं. दिवाळी झाली की तिला तिकडे, महारोग्यांच्या वसाहतीत पाठवणार आहेत. दत्तू नाही म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतंय?"

जन्मभर मी तोंड बंद ठेवलं याचा मला गर्व होता. आणि हे माझ्या हाताने झालं होतं, एक शब्द न बोलता. अडीच महिने एका आईला तिचं मूल मिळालं नव्हतं, कारण मी घाबरून हात मागे घेतला होता.

मी पेटी तिथेच टाकून पडवीकडे गेलो. आक्का मागून ओरडल्या, "मामा, तिकडे कुठे जाताय?" मी थांबलो नाही. शालूसमोर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, हात द्या." तिने दिला नाही, तिला तो उचलताच येत नव्हता. मीच घेतला. खरं सांगतो, मी भ्यालेलो होतो. सवयीप्रमाणे अंगठा आत घातला, बोटांचे सांधे एकत्र केले आणि दाबले.

"आई गं," शालू कळवळली आणि तिने डोळे मिटले.

मी दुसऱ्यांदा दाबलं, जरा हलकं, एका चट्ट्याच्या अगदी मधोमध. ती पुन्हा कळवळली. "मामा, दुखतंय हो."

कोणाच्या दुखण्याने मला इतका आनंद कधी झाला नसेल. मी तिच्या बोटांच्या एकेका पेराला हात लावून कुठलं ते विचारलं. डोळे मिटलेले असताना ती प्रत्येक पेर बरोबर सांगत होती. काडीचं टोक लावलं तेही कळलं. ठाकुर्लीच्या बाईच्या हातात काच रुतली तरी तिला समजलं नव्हतं, आणि हिला माझं बोट लागलेलं सहन होत नव्हतं.

मी आक्कांपुढे जाऊन उभा राहिलो. "आक्का, हा महारोग नाही. महारोग्याचा हात मी धरलेला आहे. त्या हाताला दुखत नाही. हिच्या हाताला दुखतंय."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?" आक्का म्हणाल्या.

"झालो नाही. म्हणून तर नागपंचमीला चूक केली. मी गाढवपणा केला आक्का, तो माझा. तिला खऱ्या डॉक्टरकडे न्या, मी बरोबर येतो."

आक्कांनी बाळूला पदराआड घेतलं. मग म्हणाल्या, "तिला गिळताना ठसका लागतो. काल पाणी नाकातून आलं. त्याला काय म्हणायचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या घाबरलेल्या होत्या, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

ठाण्याला आमच्या दुकानामागे एक वयस्क डॉक्टर होते, मितभाषी. त्यांच्या घरच्या बांगड्या आमच्याकडूनच जात. दुसऱ्या दिवशी दत्तूने रजा टाकली आणि आम्ही शालूला घेऊन गेलो. गाडीतून उतरताना तिला पायरी उतरवेना, दत्तूने जवळजवळ उचलून उतरवलं. डॉक्टरांनी आधी कापूस आणि टाचणी घेऊन तपासलं, मग एका नळीत गरम आणि एका नळीत गार पाणी घालून डागांवर टेकवून विचारलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी भिंग घेऊन तिच्या नखांच्या कडा पाहिल्या, पापण्या पाहिल्या. पुढे जे केलं त्याचं मला नवल वाटलं. ते म्हणाले, "मुली, केस विंचरायला करतेस तसे हात वर कर." हात खांद्यापर्यंत आले आणि पडले. "आता खाली बस आणि कशालाही न धरता ऊठ." ती बसली. तिला उठता आलं नाही. दत्तूने तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "महारोग नाही," ते म्हणाले, "आणि असता तरी तिला पडवीत बसवायचं कारण नव्हतं. त्याच्यावरही आता गोळ्या निघाल्यात." मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. कधीकधी ती बिथरते आणि आपल्याच अंगावर चालून जाते. हिच्या बाबतीत ती स्नायूंवर आणि कातडीवर उलटली आहे. खांद्याचे आणि मांड्यांचे स्नायू आधी दुबळे होतात, म्हणून कळशी उचलवत नाही, वेणी घालता येत नाही. पुढे गिळण्याचे स्नायू धरले तर जिवावर बेततं. आतलं कोणाला दिसत नाही, म्हणून कातडी बाहेर खूण करते, सांध्यांवर आणि पापण्यांवर. ती खूण ओळखणारा भेटला तर ठीक. स्पर्शाने कोणाला होत नाही. मी तेव्हा रोगाचं नाव विचारलं होतं. ते इतकं लांबलचक होतं की माझ्या जिभेवर बसलं नाही. आता संपादकबाईंनी शोधून दिलं आहे, डर्मॅटोमायोसायटिस. अजूनही मला एका दमात म्हणता येत नाही.

मी न राहवून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी तिचा हात संक्रांतीला धरला होता. अगदी सैल होता. मी तिची स्तुती केली."

ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आधी दहा महिने तुम्हाला कळलं होतं. फक्त काय कळलं ते कळलं नव्हतं." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. मी मात्र ते आजवर विसरलो नाही.

त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली, चार दिवसांत पलंग मिळणार होता. मधल्या त्या चार दिवसांत मी एक काम केलं. फिरतीचा दिवस नव्हता तरी डोंबिवलीला गेलो आणि भर दुपारी, बाया मोकळ्या असताना अंगणात पेटी उघडली. सगळ्या जमल्या. मी म्हटलं, "पहिला मान शालूवहिनींचा."

दत्तू तिला धरून घेऊन आला. मी तिचा हात माझ्या मांडीवरच्या पंच्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि पावणेतीनच्या बांगड्या अलगद, सांधे न दाबता भरल्या. मुद्दाम सावकाश भरल्या. डॉक्टर काय म्हणाले ते भरता भरता सांगितलं. भरून झाल्यावर शालू वाकायला लागली, मी तिला वाकू दिलं नाही, वाकली असती तर उठली नसती.

"आता कोण?" मी विचारलं.

माडीवरच्या एक बाई म्हणाल्या, "आधी हात धुऊन या, मामा."

"वहिनी, गेली दहा वर्षं तुमचा हात धरल्यावर मी कधी हात धुतले नाहीत. आज कशाला धुऊ?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. इंदूताई पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी हात माझ्यापुढे टाकला. त्यांच्यामागून दोघी-तिघी आल्या. सगळ्या आल्या नाहीत, खोटं कशाला लिहू. माडीवरच्या त्या बाईंनी पुढे दोन वर्षं माझ्याकडून बांगड्या भरल्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हॉस्पिटलात शालूच्या दंडातला मांसाचा एक कण काढून तपासला. डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. नव्या निघालेल्या गोळ्या सुरू झाल्या, उन्हात जायची बंदी झाली. पहिला महिना काळजीचा गेला, दूधसुद्धा नळीने द्यावं लागलं. दत्तू कचेरी सुटली की तिथे आणि तिथून शेवटच्या गाडीने घरी. सकाळी कामावर जाताना तो ठाण्याला उतरून दुकानात बातमी सांगून जायचा. एके दिवशी म्हणाला, "मामा, काल ती स्वतः पाणी प्यायली. ठसका नाही लागला." माझे वडील गल्ल्यावर बसले होते, ते कधी कोणाला चहा सांगत नसत. त्या दिवशी त्यांनी दत्तूला चहा सांगितला.

ती चैत्रात घरी आली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आक्कांनी मला मुद्दाम निरोप धाडला. गेलो तर शालू समोर बसलेली. मी ओळखलंच नाही. त्या गोळ्यांनी चेहरा गोल गरगरीत झाला होता, गाल वर आले होते. ती स्वतःच म्हणाली, "मामा, बघू नका असं. इंदूताई मला सोनपापडीचा डबा म्हणतात." सांध्यांवरचे डाग फिके पडले होते, पापण्या उतरल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या पुष्कळ दिवस चालतील, दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. पण तिने हात उचलला तो आपणहून उचलला, दुसऱ्या हाताचा टेकू न घेता.

मी बांगड्या भरल्या आणि मग धीर करून बोललो. "वहिनी, नागपंचमीला मी तुमचा हात धरला नाही. ते मला फार लागून राहिलं आहे. त्याच्यापायी तुम्हाला काय काय सोसावं लागलं."

ती थोडा वेळ बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू का? त्या दिवशी माझे हात इतके दुखत होते की तुम्ही आता ते पिळणार या भीतीने मला आदल्या रात्रभर झोप नव्हती. तुम्ही कागदात गुंडाळून दिल्यात तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मनात म्हटलं, मामांना कळलं. बाकीचं पुढे झालं." इतक्या सहज कोणी क्षमा केली की माणूस जास्तच ओशाळतो. मी पेटी आवरायला लागलो.

तेवढ्यात आतून बाळू पळत आला. आता चांगला अडीच-तीन वर्षांचा, गुटगुटीत झाला होता. आईपासून दोन हात दूर तो एकदम थांबला. इतके महिने, ती घरी आल्यावरसुद्धा, त्याला तिथेच थांबवलं होतं, ती सवय त्याच्या पायांना लागली होती. त्याने मागे वळून आजीकडे पाहिलं. शालूही आक्कांकडेच पाहत होती, तिने हात पुढे केले नाहीत. अंगणात हळदीकुंकवाला आलेल्या दहा-बारा बाया होत्या, त्या सगळ्या तिकडेच बघायला लागल्या.

आक्कांनी हातातलं तबक खाली ठेवलं. बाळूला दोन्ही हातांनी उचललं, कमरेवर घेतलं, चार पावलं चालून शालूसमोर आल्या आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "घे गं बाई याला. मला नाही आता पेलवत."